एकतर साधू, नाहीतर राक्षस

ताई, नमस्कार.

मी गोव्यातल्या फोंड्याचा, वय ४१, वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे, रोज बोरी पुलावरून स्कूटरनं जाऊन-येऊन. घरी आई, बायको आणि नववीतला मुलगा. जानेवारीत कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (साखरेची रक्ततपासणी) ६.२ आलं, वजन ८४ किलो. डॉक्टर म्हणाले अजून शुगर म्हणायची नाही पण दारात उभी आहे, वजन उतरवा, चाला. मी सोमवारपासून सगळंच बदललं. भात बंद, पदेराचे उंडे (पाव) बंद, साखर बंद, पहाटे साडेचारला उठून जिम (वर्षाचे पैसे एकदम भरले), दिवसाला दहा हजार पावलं, रात्री आठनंतर खाणं नाही नि मोबाइल पण नाही. सतरा दिवस एकदम कडक पाळलं. मग मावसभावाकडे पूजेला एक लाडू खाल्ला त्याचे सहा झाले, आणि पुढे महिनाभर जिमचं तोंड बघितलं नाही. मग परत सोमवार, परत तेच. असं चार वेळा झालं. चवथीला, म्हणजे गणपतीत, नेवऱ्या (करंज्या) किती खाल्ल्या ते विचारू नका. बायको म्हणते तुम्ही एकतर साधू असता नाहीतर राक्षस, माणूस कधी होणार? ती पहाटे चारला उठून माझं वेगळं उकडलेलं करून देते, तिलाही जिमला यायचं होतं पण मग घरचं कोण करणार. आई रुसलीय, मी तिच्या हातचं जेवत नाही म्हणून. सगळे सांगतात बॅलन्स ठेव, मध्यम मार्ग धर. पण करायचं तर पूर्ण करायचं अशी मला लहानपणापासून सवय, अर्धवट कामं मला जमतच नाहीत. मग हे बॅलन्स म्हणजे करायचं तरी काय? एक टाइमटेबल द्या, तंतोतंत पाळीन. बाकी व्यसन काही नाही, शनिवारी मित्रांबरोबर बसतो तेवढंच, ते पण लिमिटमध्ये.

एक फोंडेकर

*

अहो फोंडेकर, टाइमटेबल काही मी देणार नाही, आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघून मग चिडायला नको. तुमच्याकडे टाइमटेबलं काय कमी आहेत का, चार झाली आत्तापर्यंत, आणि चारही कागदावर फर्स्टक्लास असणार याबद्दल मला शंका नाही. पाचवं मी दिलं तर ते पण तुम्ही तंतोतंत पाळाल, सतरा नाही तर वीस दिवस पाळाल, आणि मग कुणाकडे तरी बारसं निघेल.

तुमच्या पत्रावरून असं दिसतं की तुमच्या मते तुमच्यात दोन माणसं राहतात, एक सतरा दिवसांचा कडक माणूस, तो खरा, आणि दुसरा लाडवांवर तुटून पडणारा, तो दुबळा, आणि पहिल्यानं दुसऱ्याला एकदाचं दाबून टाकलं की सगळं मार्गी लागेल. मला उलट वाटतं. तो दुसरा आहे ना, त्याला पहिलाच जन्माला घालतो. १९७५ सालचा एक प्रयोग आहे, हर्मन आणि मॅक नावाच्या संशोधकांचा. त्यांनी काही जणांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग पुढे आइस्क्रीम ठेवलं, चव बघा, हवं तेवढं खा म्हणून. जी माणसं एरवी खाण्यापिण्याचा फार विचार करत नाहीत त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच आहे, पोटात जागा नव्हती. पण जी कायम डाएटवर, मोजूनमापून खाणारी, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं, रिकाम्या पोटी आलेल्या डाएटवाल्यांपेक्षा जास्त. म्हणजे पोट भरलं की नाही हा प्रश्नच तिथं उरला नव्हता, नियम मोडला होता आणि आता मोडलाच आहे तर होऊन जाऊ दे, उद्यापासून बघू. तुमचा पण पहिला लाडू तुम्ही खाल्लात, राहिलेले पाच त्या नियमानं खाल्ले. ज्याला लाडू बंदच नव्हता असा तुमचा मावसभाऊ दोनावर थांबला असणार बघा, आणि त्याचा निग्रह काही तुमच्यापेक्षा जास्त असेल असं नाही.

आता ते अर्धवटपणाचं. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटला मला, कारण बॅलन्स शब्द ऐकला की बऱ्याच जणांना मनातून हेच वाटतं की हे म्हणजे धड ना इकडे धड ना तिकडे, मिळमिळीत कारभार. पण तुम्ही औषधांच्या कंपनीत आहात हो. गोळीत पाचशे मिलिग्राम औषध घालायचं ठरलंय तर पाचशेच घालता ना तुम्ही, कुणी मन लावून काम करतो म्हणून हजार घातलं तर त्याला तुमचा क्वालिटी तपासणारा क्यूएवाला शाबासकी देतो का? बॅच रिजेक्ट करतो. आणि त्या पाचशेला कुणी अर्धवट पण म्हणत नाही, आहे ते माप तेवढंच आहे आणि ते गाठायलाच जास्त अक्कल लागते. भात पूर्ण बंद करायला डोकं लागत नाही, एकदा ठरवलं की संपलं, डोळे मिटून करता येतं. दीड वाटी भात घेऊन उठणं, रोज, आई अजून वाढायला टपलेली असताना, ते अवघड आहे, आणि तुम्हाला अवघड कामाची हौस आहे असं पत्रावरून तरी वाटतंय.

गीतेच्या सहाव्या अध्यायातला युक्ताहारविहाराचा श्लोक सगळ्यांना पाठ असतो, व्हॉट्सॲपवर सकाळी सकाळी फिरतो पण. त्याच्या आधीचा, सोळावा, कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात सरळ म्हटलंय की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्यालाही नाही आणि सारखा जागणाऱ्यालाही नाही. न खाणाऱ्याला खादाडाच्याच रांगेत बसवलंय. तुम्ही सतरा दिवस ज्याला तपश्चर्या समजत होता आणि महिनाभर ज्याला पाप समजत होता, दोन्ही एकाच ओळीत.

आणि हे काय पुस्तकातच आहे असं नाही, तुमच्याच घरात चालू आहे, फक्त तुमचं लक्ष नाही. सोमवार शिवराक (शाकाहारी), कुणाकडे गुरुवार पण, श्रावणभर नुस्तं (मासे) नाही, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद म्हणजे बाजारात जे काय थोडं मिळतं ते परवडत नाही मग सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणि खारवलेलं काहीतरी, नि मग चवथ आली की नेवऱ्या, खतखतें, पातोळ्या, काय विचारू नका. वर्षभर हे वर-खाली चालूच असतं. तुमच्या आईनं इतकी वर्षं श्रावण पाळला, तिला एकदा विचारा की श्रावण संपल्या दिवशी पहिला बांगडा खाल्ला म्हणून पुढे महिनाभर तिनं सगळे नियम सोडून दिले असं कधी झालं का. नाही होणार, कारण सोडलेली गोष्ट परत कधी ताटात येणार ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेली असते. एकादशीला पण दुसऱ्या दिवशी पारणं आहेच. तुमच्या भातबंदीला पारणं कुठं होतं? मरेपर्यंत भात नाही असं गोंयच्या माणसानं ठरवायचं म्हणजे कठीणच आहे हो, सतरा दिवस टिकलात याचंच मला आश्चर्य. (उपासाच्या नावावर परातभर साबुदाण्याची खिचडी हाणणारे पण आपल्यात आहेत, ते मला माहीत आहे, त्यांच्याबद्दल परत कधीतरी.)

बरं, तुमच्या रिपोर्टकडे येऊ. घाबरण्यासारखं कारण आहे का, तर थोडं आहे. २०२३ साली आयसीएमआरचा मोठा सर्व्हे आला, त्यात देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि आपल्या गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत वरचा नंबर. शनिवारी चौघे बसत असाल तर चौघातल्या एकाला असण्याचा हा हिशोब झाला. तुमचं ६.२ म्हणजे अलीकडच्या तीरावर, ५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटिस म्हणतात आणि ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. पण हा आकडा मोजतात कसा ते कळलं की तुमचा अर्धा जाच कमी होईल. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना किती साखर चिकटलीय ते या टेस्टमध्ये बघतात, म्हणजे तो काल रात्री काय खाल्लं त्याचा आकडा नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांची ती सरासरी आहे. आता तुम्हीच मांडा हिशोब, सतरा दिवस उकडलेले मूग आणि काकडी, नि पुढचा महिना मोकाट, सरासरी काय येणार? चवथीच्या दोन नेवऱ्यांनी तुमचं काही बिघडणार नव्हतं, त्या सरासरीत कुठल्या कुठे विरून गेल्या असत्या. बिघडवलं ते त्यानंतरच्या चार आठवड्यांनी, जेव्हा तुम्ही स्वतःला नापास करून घरी बसलात.

आणि उतरवायचं तरी किती, तेही ऐका. अमेरिकेत तुमच्यासारख्याच काठावरच्या तीन हजारांवर लोकांवर एक अभ्यास झाला होता, २००२ मध्ये त्याचे निकाल आले. त्यातल्या एका गटाला सांगितलं होतं, वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम, बस. ज्यांना नुसती औषध नसलेली गोळी आणि नेहमीचा सल्ला दिला होता त्यांच्या मानानं या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या ८४ चे सात टक्के म्हणजे सहा किलोला थोडे कमीच. दीडशे मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. आता हे बघा आणि तुमचं ते पहाटे साडेचारचं प्रकरण बघा. आणि दहा हजार पावलांचं तर काय सांगू, १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो आकडा जगभर झाला, डॉक्टरांनी बसून काढलेला नाही तो. चालणं चांगलंच, पण नऊ हजार आठशे झाले म्हणून रात्री अकराला पलंगाभोवती फेऱ्या मारायची काही गरज नाही.

जेवणाचं मात्र नीट सांगते, कारण तिथंच सगळा घोळ आहे. पहिली गोष्ट म्हणजे ते वेगळं शिजवणं आजपासून बंद. घरात शीतकडी (भात-कालवण) शिजलीय, तव्यावर बांगडा चुरचुरतोय आणि तुम्ही कोपऱ्यात वाटीभर मूग घेऊन बसलाय, हे कुठल्याही माणसाला झेपणार नाही, आणि आईला काय वाटत असेल त्याचा विचार करा, तिनं आयुष्यभर जे करून घातलं ते मुलाला आता विषासारखं वाटतंय. तिच्या हातचं, घरात जे शिजलंय तेच जेवा. फक्त ताटातला क्रम आणि माप बदला. आधी भाजी, तांबडी भाजी असो, वालीची असो नाहीतर तोंडाक असो, आत्ता घेता त्याच्या दुप्पट घ्या आणि ती अर्धी संपल्याशिवाय भाताला हात लावू नका. मग नुस्तं किंवा सोमवार असला तर डाळ-उसळ. भात वाटीनं मोजून दीड वाटी, एकदाच, आणि वर कडी. परत भात घ्यायचा नाही, अजून काही हवं वाटलं तर सोलकढी प्या. उकडा तांदूळ आहे मग काय होतंय म्हणून ताट भरायचं नाही, उकडा झाला तरी भातच आहे तो. सकाळी पातळ भाजीबरोबर उंडे दोन खात असाल तर त्याच्याऐवजी एक पोई (कोंड्याचा पाव), आणि पोईत आजकाल आतून कोंडा किती नि वरून भुरभुरवलेला किती ते पदेरच जाणे, म्हणून एकच. चहात साखर एकदम बंद केली होती ती करायचीच असली तर अर्धा चमचा, अर्ध्याचा पाव असं हळूहळू उतरवा, जिभेला पत्ता लागत नाही. लाडू कुणाकडे गेलात तर एक खा, बसून, चवीनं, उभ्या उभ्या गपकन नाही. आणि खाऊन झाल्यावर स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत, कारण त्या शिव्याच पुढच्या पाच लाडवांना बोलावून आणतात.

व्यायामाला एकच ठरवा, आणि ते असं ठरवा की तुमच्या वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी पण जमलं पाहिजे. कंपनीत ऑडिट आहे, पाऊस कोसळतोय, मुलाची परीक्षा आहे, घरात पाहुणे आहेत, त्या दिवशी काय जमेल? माझ्या अंदाजानं रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं जमेल, पाऊस असला तर व्हरांड्यातल्या व्हरांड्यात. झालं, तेवढंच तुमचं पक्कं. जेवणानंतर थोडं चाललं की साखर तशी पण कमी चढते. त्याच्यावर ज्या दिवशी अंगात उत्साह असेल त्या दिवशी तासभर चाला, डोंगर चढा, काय करायचं ते करा, पण तो बोनस, त्याची वहीत नोंद नाही. तुम्ही आत्तापर्यंत काय करत होता, तर सगळ्यात चांगल्या दिवशी जे जमतं तोच नियम करून टाकत होता आणि मग साध्या दिवशी सुद्धा नापास. आणि हो, मोडलं तर पुढच्या जेवणापासून परत सुरू. दुपारी मोडलं तर रात्रीपासून. तुमच्या त्या सोमवारनं फार नुकसान केलंय, शुक्रवारी मोडलं की शनिवार-रविवार मोकळं रान मिळतं ना.

झोपेचं पण बघा जरा. साडेचारला उठता म्हणजे झोपता कधी, साडेदहा-अकरा तरी होत असणार, नववीतला मुलगा घरात आहे म्हणजे. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात आणि झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते, गोड खावंसं वाटतं, हा पण सिद्ध झालेला प्रकार आहे. एका बाजूनं झोप कापून जिमला जायचं आणि दुसऱ्या बाजूनं त्याच झोपेपायी चार वाजता कँटीनमध्ये बन्स शोधायचा, यात कमावलं काय? मोबाइलचं ते आठनंतरचं चांगलं आहे, पण आठ जमत नसेल तर झोपायची खोली सोडून बाहेर चार्जिंगला लावा, बास, त्याच्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता शनिवार. तुमच्या पत्रात सगळ्याचे आकडे आहेत बघा, सतरा दिवस, सहा लाडू, दहा हजार पावलं, ८४ किलो, साडेचार वाजता. शनिवारचा आकडा तेवढा नाही. तिथं नुसतं लिमिट. जो माणूस पावलं मोजतो तो पेग मोजत नाही असं कसं होईल, मोजत असणार, लिहिलं नाहीत एवढंच. मी तुमच्यावर आरोप करत नाही, गोव्यात राहून शनिवारी बसतो म्हणणाऱ्याकडे मी डोळे मोठे करून बघायला लागले तर निम्म्या गावाशी बोलणं बंद करावं लागेल. पण बॅलन्सच्या नावाखाली प्रत्येक गोष्टीचा मध्य काढता येतो असा जो एक समज आहे ना, तो मला मान्य नाही. काही गोष्टींचं माप शून्यच असतं. मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर थोडंच खेळणार म्हणून चढलेल्यांना विचारा. तुमच्या बाबतीत स्कूटर चालवायची असेल तर माप शून्य, कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रामची मर्यादा आहे पण आपण त्या कडेला आहोत की पलीकडे ते पिणाऱ्याला कधीच कळत नाही, आणि कायद्याचं सोडा, रात्रीचा आपला रस्ता कसा असतो तुम्हाला सांगायला नको, गुरं बसलेली, दिवे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत सरळ सांगून टाकलंय की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही. हुर्राक (काजूची दारू) हलकी असते वगैरे आपणच आपल्याला सांगायचं. त्यात बरोबर चिली फ्राय, कटलेट, शेंगदाणे, नि रात्री बाराला घरी येऊन परत भात.

म्हणून एवढं करा, पुढचा रिपोर्ट येईपर्यंत, तीन महिने म्हणू, शनिवारी मित्रांकडे जा, बसा, हसा, पण सोडा-लिंबू घ्या. याला तारीख आहे, श्रावणासारखी. (रोज घेणाऱ्यानं असं एकदम थांबवायचं नसतं, आधी डॉक्टरला विचारायचं, पण तुम्ही शनिवारवाले आहात म्हणता.) तीन महिने सहज गेले तर तुमचं लिमिट खरंच लिमिट होतं, पुढचं पुढे ठरवा. दुसऱ्याच शनिवारी चिडचिड झाली, आज तरी घेऊच असं झालं, घरी खोटं सांगावंसं वाटलं, तर भात आणि उंडे राहू दे बाजूला, डॉक्टरकडे आधी हा विषय काढा. लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात.

आता शेवटचं, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. तुमच्या पत्रात बायकोवर दोन ओळी आहेत आणि त्या मी परत परत वाचल्या. साडेचारच्या जिमसाठी ती चारला उठते. तुमचे मूग वेगळे, आईचं पथ्य वेगळं असेल तर ते, मुलाचा डबा, तिचा स्वतःचा असला तर तो, नि ती नोकरी करते की नाही ते पण तुम्ही लिहिलेलं नाही. तिला जिमला यायचं होतं पण घरचं कोण करणार, हे तुम्ही असं लिहून गेलात जसं काही ते पावसासारखं आहे, त्याला कोण काय करणार. कोण करणार म्हणजे काय? तुम्ही. तुमच्या सगळ्या कडक दिवसांचा भार तिनं उचललाय, शिस्त तुमची आणि झोपमोड तिची, आणि ती तुम्हाला साधू म्हणते तेव्हा मला नाही वाटत की ते कौतुक आहे. साधूला कुणीतरी वाढायला लागतंच ना. घरातल्या एका माणसाचं बॅलन्स दुसऱ्याच्या अंगावर टाकून साधलं असेल तर मी त्याला बॅलन्स म्हणणार नाही, मग तुमचा रिपोर्ट ५.५ येऊ दे. आणि खरं तर तो तसा येणार पण नाही, कारण असलं घर चारदा मोडतंच, ती दमली की तुमचं मूग बंद, मूग बंद की तुम्ही परत लाडवांकडे. मुलगा नववीत आहे, तो बघतोय सगळं, त्याला उद्या वेगळं शिकवायला बसू नका.

तेव्हा जिमवाल्याला विचारा उरलेले महिने बायकोच्या नावावर होतात का, काही ठिकाणी थोडे पैसे घेऊन करून देतात. आधी तिला विचारा म्हणा, अजून जायची इच्छा आहे का, नाहीतर परत तुम्हीच परस्पर ठरवून मोकळे. ती हो म्हणाली तर आठवड्यातले तीन दिवस तिचे, तिला सोयीची वेळ तिनं धरायची, आणि त्या दिवशी स्वयंपाकघर तुमच्याकडे, मुलाच्या डब्यासकट. आई सांगेल काय कसं करायचं, तिचा रुसवा पण जाईल, मुलगा आपल्याला विचारून आमटी करतोय म्हटल्यावर. एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत करा, तोपर्यंत वजन आठवड्यातून एकदाच, आणि डॉक्टरला मधल्या चार प्रयत्नांचं सगळं खरं सांगा. आणि सोमवारी काहीतरी नवीन सुरू करायची तुमची सवय सुटणार नसेलच, तर हा स्वयंपाक सोमवारपासून सुरू करा, घरात शिवराक असतं, पहिल्याच दिवशी नुस्तं साफ करायची वेळ येणार नाही.